स्टाइलशीटमधून फंक्शनकडे नोड पाठवताना: मार्केट यार्डाच्या एका पट्टीवरून

मार्केट यार्डात शेतकऱ्याचा माल विकला गेला की अडत्या त्याला हिशेबाचा जो कागद देतो, त्याला पट्टी म्हणतात. गोण्या किती, वजन किती भरले, भाव काय मिळाला आणि हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा जाता हातात किती पडले, एवढे त्या कागदावर असते. पुण्यातील गुलटेकडीच्या कांदा-बटाटा विभागातील एका गाळ्यासाठी अशा पट्ट्या छापण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे होते. विक्रीची नोंद एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांनी बांधलेल्या मजकुराच्या रूपात, येत असे, एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेतील स्टाइलशीट तिला छापील रूप देत असे आणि स्टाइलशीटला जे जमत नव्हते ते आम्ही सी-शार्पमधील फंक्शनांवर सोपवले होते. स्टाइलशीट आणि फंक्शन यांच्या या सीमेवर नोड, म्हणजे नोंदीतील एखादा घटक, कोणत्या रूपात पलीकडे पोहोचतो, हे नीट न समजल्यामुळे मी जी चूक केली, तिच्यासकट संपूर्ण पद्धत येथे मांडत आहे.

आधी नोंद पाहू.

```
<पट्टी क्रमांक="417">
  <माल नाव="कांदा" गोण्या="24" वजन="1212.5" भाव="1850"/>
  <माल नाव="बटाटा" गोण्या="12" वजन="605" भाव="2200"/>
  <माल नाव="लसूण" गोण्या="4" वजन="148" भाव="9500"/>
  <कपात प्रकार="हमाली" रक्कम="320"/>
  <कपात प्रकार="तोलाई" रक्कम="96"/>
  <कपात प्रकार="मोटारभाडे" रक्कम="2400"/>
</पट्टी>
```

वजन किलोमध्ये आहे आणि भाव क्विंटलला आहे. एक्सएमएलमध्ये एलिमेंटची (जसे ‘माल’), ॲट्रिब्यूटची (जसे ‘वजन’) आणि फंक्शनच्या प्रीफिक्सची नावे देवनागरीत लिहिलेली चालतात, त्यामुळे वरची नोंद आणि पुढे येणारे एक्सपाथ, म्हणजे नोंदीतील नोड निवडणारी सूत्रे, जसेच्या तसे वैध आहेत. प्रत्यक्ष कामात आम्ही ही नावे रोमन लिपीतच ठेवली होती, कारण रात्री अकरा वाजता सर्व्हरवर लॉग चाळताना कळफलक बदलत बसणे कोणालाच परवडत नाही. आकडे मात्र मुद्दाम इंग्रजी ठेवले आहेत. त्याचे कारण शेवटी येईल.

फंक्शन खरोखर लागते का

एक्सएसएलटी १.० हे प्रमाण १६ नोव्हेंबर १९९९ रोजी आले आणि त्याच्या एक्सपाथमध्ये बेरजेचे फंक्शन फक्त नोडसंच घेते. कपातींची बेरीज त्यामुळे एका ओळीत होते; पण प्रत्येक मालाच्या वजनाचा आणि भावाचा गुणाकार करून त्या गुणाकारांची बेरीज हवी असेल, तर स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारे टेम्प्लेट लिहावे लागते किंवा बाहेरच्या फंक्शनची मदत घ्यावी लागते. २३ जानेवारी २००७ रोजी आलेल्या २.० मध्ये आणि ८ जून २०१७ च्या ३.० मध्ये ही अडचण उरलेली नाही. तेथे गुणाकारांची बेरीज एकाच एक्सपाथमध्ये होते आणि स्टाइलशीटमध्येच स्वतःचे फंक्शन लिहून त्याला नोड देता येतात. तुमचा प्रोसेसर, म्हणजे स्टाइलशीट चालवणारा प्रोग्राम, २.० किंवा त्यापुढचा असेल, तर आधी ती वाट धरावी आणि बाहेरच्या भाषेकडे नंतर वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचा नाइलाज असा होता, की सी-शार्प ज्यावर चालते त्या डॉटनेटमधील अंगभूत प्रोसेसर फक्त १.० जाणतो. शिवाय पट्टीच्या तळाशी रक्कम अक्षरी लिहायची होती आणि मराठीत एक ते नव्व्याण्णव या प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द असल्यामुळे शंभर शब्दांचे कोष्टक सांभाळणे भागच होते. एकोणऐंशी, एकोणनव्वद असे म्हणत आलेली भाषा नव्व्याण्णवपाशी आपला नियम मोडते, हे कोणत्याही सूत्रात बसत नाही.

१.० च्या प्रमाणात एक्स्टेंशन फंक्शन, म्हणजे बाहेरून जोडलेले फंक्शन, बोलावण्याची सोय आहे, पण ते फंक्शन कोठे लिहावे आणि कसे जोडावे, हे त्यात ठरवलेले नाही. १.१ च्या मसुद्यात तसा प्रयत्न झाला होता, पण २००१ नंतर तो मसुदा पुढे गेला नाही. म्हणून प्रत्येक प्रोसेसरची रीत वेगळी आहे. खालच्या पायऱ्यांत डॉटनेटची रीत सविस्तर आणि इतरांची थोडक्यात दिली आहे.

सीमा ओलांडताना नोडचे काय होते

एक्सपाथ १.० मध्ये चारच प्रकारच्या किमती आहेत: नोडसंच, स्ट्रिंग, संख्या आणि बूलियन. एक्सएसएलटी त्यात पाचवा प्रकार जोडते, तो म्हणजे व्हेरिएबलच्या पोटात तयार झालेला निष्पन्न तुकडा. स्टाइलशीटमधून तुम्ही एखादा पाथ आर्ग्युमेंट म्हणून दिला, तर त्याचे मूल्य नोडसंच असते. फंक्शनला तो नोडसंच म्हणूनच मिळेल की आधी स्ट्रिंग किंवा संख्या होऊन मिळेल, हे फंक्शनच्या पॅरामीटरचा प्रकार ठरवतो. हे रूपांतर कोणतीही सूचना न देता होते आणि सगळा घोटाळा येथेच आहे.

माझे पहिले फंक्शन दोन संख्या घेत असे, एक वजनाची आणि एक भावाची. स्टाइलशीटमध्ये ते असे बोलावले होते:

```
हिशेब:किंमत(माल/@वजन, माल/@भाव)
```

एकाच मालाच्या पट्ट्यांवर मी ते तपासले आणि उत्तरे बरोबर आली. मग वरची तीन मालांची पट्टी छापली गेली. तिच्यावर एकूण विक्री २२,४३१.२५ रुपये आणि २,८१६ रुपयांच्या कपाती वजा जाता निव्वळ १९,६१५.२५ रुपये असे आले. आकडा दिसायला अगदी सभ्य होता. गाळ्याच्या दिवाणजींनी मात्र कागद हातात घेताच विचारले, “साहेब, बटाटा आणि लसूण फुकट विकला का?” एक्सपाथ १.० चा नियम असा आहे, की नोडसंचाची स्ट्रिंग करताना दस्तऐवजाच्या क्रमाने येणारा केवळ पहिला नोड घेतला जातो आणि त्या स्ट्रिंगची संख्या केली जाते. तीन वजनांपैकी कांद्याचे वजन आणि तीन भावांपैकी कांद्याचा भाव तेवढा माझ्या फंक्शनपर्यंत पोहोचला होता. बाकीचे २७,३७० रुपये सीमेवरच गळून पडले होते.

मग घाईत मी दुसरी चूक केली. आर्ग्युमेंट म्हणून ॲट्रिब्यूटऐवजी संपूर्ण ‘माल’ दिला, पण पॅरामीटरचा प्रकार संख्याच राहू दिला. एलिमेंटची स्ट्रिंग म्हणजे त्याच्या आतील मजकूर. ॲट्रिब्यूटमधील मजकूर त्यात धरला जात नाही. आमच्या ‘माल’ एलिमेंटच्या आत काहीच नसल्यामुळे रिकामी स्ट्रिंग तयार झाली, रिकाम्या स्ट्रिंगची संख्या होत नाही आणि पट्टीवर रकमेच्या जागी ‘संख्या नाही’ या अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे उमटली. ही दुसरी चूक मला पहिलीपेक्षा बरी वाटते, कारण ती निदान ओरडून सांगते.

डॉटनेटमधील पायऱ्या

पहिली पायरी नेमस्पेसची, म्हणजे नावांची सरमिसळ टाळणाऱ्या ओळखीची, आहे. स्टाइलशीटच्या मूळ एलिमेंटवर ‘हिशेब’ हा प्रीफिक्स तुमच्या स्वतःच्या एका नेमस्पेसला बांधावा. प्रोसेसरच्या दृष्टीने नेमस्पेस ही केवळ एक स्ट्रिंग असते, त्यामुळे स्टाइलशीटमध्ये आणि सी-शार्पमध्ये ती अक्षरशः एकसारखी असली पाहिजे. शेवटी एक तिरपी रेघ जास्त पडली, तरी फंक्शन सापडत नाही. त्याच वेळी हा प्रीफिक्स निष्पन्न दस्तऐवजात उतरू नये म्हणून वगळायच्या प्रीफिक्सच्या यादीत त्याचे नाव घालावे, नाहीतर छापील पट्टीच्या मार्कअपमध्ये ही नेमस्पेस विनाकारण मिरवत राहते.

दुसरी पायरी म्हणजे फंक्शनांचा क्लास. हा साधा क्लास असतो आणि त्यातील पब्लिक मेथड स्टाइलशीटला त्याच नावाने दिसतात. येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. एकाच नावाच्या आणि तितक्याच पॅरामीटरच्या दोन मेथड ठेवू नयेत, कारण प्रोसेसरला त्यांतील एक निवडता येत नाही आणि तो संदिग्धतेची तक्रार करून थांबतो. पॅरामीटरची संख्या वेगळी असेल, तर नाव एकच चालते. तसेच कितीही आर्ग्युमेंट घेणारा ‘पॅराम्स’ प्रकारचा पॅरामीटर येथे चालत नाही. पण ज्या कामासाठी तो वापरावासा वाटतो, ते नोडसंच देऊन अधिक नीटपणे होते.

तिसरी पायरी पॅरामीटरचा प्रकार निवडण्याची आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. स्टाइलशीटमधील स्ट्रिंग डॉटनेटमध्ये स्ट्रिंग म्हणून येते, संख्या डबल म्हणून आणि बूलियन बूलियन म्हणून. नोडसंच नोडसंच म्हणूनच हवा असेल, तर पॅरामीटर एक्सपाथनोडइटरेटर या प्रकारचा असावा. एकच नोड हवा असेल, तर तो एक्सपाथनॅव्हिगेटर या प्रकारचा असावा. ही लांबलचक नावे कोडमध्ये रोमन लिपीत आणि सलग एका शब्दात लिहायची आहेत. नॅव्हिगेटर मागितला आणि पाथमधून शून्य किंवा एकाहून अधिक नोड आले, तर नव्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे एक्सएसएलकंपाइल्डट्रान्सफॉर्ममध्ये, चालू असतानाच चूक दाखवली जाते. माझ्या मते हे चांगलेच आहे. ज्या फंक्शनला तत्त्वतः एकच नोड मिळाला पाहिजे, तेथे नॅव्हिगेटरच मागावा आणि ती चूक पहारेकऱ्यासारखी वापरावी. आमच्या बेरजेला मात्र सगळे माल हवे होते, म्हणून तिचा पॅरामीटर इटरेटर केला आणि बोलावणे असे झाले:

```
हिशेब:मालबेरीज(माल)
```

चौथ्या पायरीत इटरेटर फिरवायचा असतो. हातात येतो तेव्हा तो पहिल्या नोडच्या आधी उभा असतो. ‘मूव्हनेक्स्ट’ म्हटल्याशिवाय ‘करंट’कडे पाहण्यात अर्थ नाही आणि ‘मूव्हनेक्स्ट’ने नकार दिला की संच संपला. त्याला मागे नेता येत नाही, त्यामुळे एकाच फंक्शनमध्ये दोनदा फिरायचे असेल, उदाहरणार्थ एकदा गोण्या मोजायला आणि एकदा रक्कम काढायला, तर आधीच त्याची प्रत काढून ठेवावी; तसे न केल्यास दुसऱ्या फेरीत एकही नोड मिळत नाही आणि बेरीज मुकाट्याने शून्य येते.

‘करंट’ म्हणजे एक नॅव्हिगेटर असतो आणि त्याचीही एक खोड आहे. नॅव्हिगेटर हा दस्तऐवजावर फिरणारा कर्सर आहे. तुम्ही त्याला ‘माल’वरून पालकाकडे किंवा एखाद्या ॲट्रिब्यूटवर हलवले, तर इटरेटरची जागाच बिघडू शकते. त्यामुळे नुसते वाचायचे असेल, तर ‘गेटॲट्रिब्यूट’सारखी न हलता उत्तर देणारी मेथड वापरावी, आणि हलायचे असेल, तर ‘क्लोन’ करून त्या प्रतीला हलवावे. ‘गेटॲट्रिब्यूट’ला ॲट्रिब्यूटचे नाव आणि नेमस्पेस अशा दोन गोष्टी लागतात. प्रीफिक्स नसलेले ॲट्रिब्यूट कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसते, त्यामुळे दुसरी किंमत रिकामी द्यावी. ॲट्रिब्यूट सापडले नाही, तर ही मेथड तक्रार न करता रिकामी स्ट्रिंग देते. म्हणून भाव लिहायचा राहिलेला माल ओळखून अपवाद फेकण्याची जबाबदारी तुमच्या फंक्शनवर येते.

नोड दिल्याचा एक फायदा येथे पदरात पडतो. एक्सपाथ १.० मधील प्रत्येक संख्या चौसष्ट बिटांची द्विमान अपूर्णांक संख्या असते आणि पैशांसाठी ती विश्वासाची नाही. नोड हातात असला की तुम्हाला ॲट्रिब्यूटमधील ‘1212.5’ हा मूळ मजकूर मिळतो आणि तो थेट डेसिमल प्रकारात वाचता येतो. वाचताना सर्व्हरच्या प्रादेशिक सेटिंगवर विसंबू नये, इन्व्हेरियंट कल्चर, म्हणजे कोणत्याही प्रदेशावर न अवलंबणारे सेटिंग, स्पष्टपणे द्यावे. प्रत्येक मालाची किंमत पैशांपर्यंत पूर्णांकित करून मग बेरीज करायची, की बेरीज करून मग, हेही आता एका जागी ठरते. गाळ्यावरची रीत पहिली होती. वरच्या पट्टीत २२,४३१.२५, १३,३१० आणि १४,०६० मिळून ४९,८०१.२५ होतात आणि कपाती वजा जाता ४६,९८५.२५ उरतात. अक्षरी रक्कम पूर्ण रुपयांत लिहायची असल्यामुळे खाली ‘सेहेचाळीस हजार नऊशे पंच्याऐंशी’ असे छापून येते.

पाचवी पायरी सोपी आहे. एक्सएसएलटीआर्ग्युमेंटलिस्ट तयार करून तिच्यात ‘ॲडएक्स्टेंशनऑब्जेक्ट’ने नेमस्पेस आणि क्लासचे ऑब्जेक्ट द्यावे आणि ही यादी ‘ट्रान्सफॉर्म’ला द्यावी. स्टाइलशीट एकदा लोड झाली की तेच ट्रान्सफॉर्म ऑब्जेक्ट अनेक थ्रेडमधून वापरता येते. पण तुमच्या क्लासमध्ये बदलती फील्ड असतील आणि तेच एक ऑब्जेक्ट सगळ्यांना वाटले असेल, तर एका शेतकऱ्याची बेरीज दुसऱ्याच्या पट्टीत मिसळण्याची वाट तुम्ही स्वतःच मोकळी केलेली असते. प्रत्येक पट्टीसाठी नवी यादी आणि नवे ऑब्जेक्ट करायला फारसा खर्च येत नाही.

स्टाइलशीटच्या आतच सी-शार्प लिहिण्याची जुनी सोयही होती. डॉटनेट कोर आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत ती चालत नाही, त्यामुळे आजही ती वापरणाऱ्यांनी आपला कोड वरच्या रीतीने क्लासमध्ये हलवावा.

रिकामा संच आणि नेमस्पेसचा चकवा

काही दिवसांनी नोंद पाठवणाऱ्या प्रणालीने मूळ एलिमेंटवर एक डीफॉल्ट नेमस्पेस घातली. दस्तऐवज डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसत होता, पण स्टाइलशीटमधील प्रीफिक्स नसलेला ‘माल’ म्हणजे नेमस्पेस नसलेला माल, आणि तसा आता एकही नव्हता. फंक्शनला रिकामा इटरेटर मिळाला, त्याने इमानेइतबारे शून्य फेऱ्या मारल्या आणि शून्य परत केला. कपातींचा पाथही रिकामाच गेला होता. परिणामी पट्टी नीटनेटकी, चौकटीसह आणि पूर्णपणे शून्य रुपयांची आली.

उपाय दोन ठिकाणी करावा लागतो. स्टाइलशीटमध्ये ती नेमस्पेस एखाद्या प्रीफिक्सला बांधून प्रत्येक पाथमध्ये तो प्रीफिक्स लावावा. फंक्शनमध्ये रिकाम्या संचाला अर्थ आहे की नाही, हे ठरवून, अर्थ नसेल तर अपवाद फेकावा. कपात नसलेली पट्टी असू शकते, माल नसलेली असू शकत नाही. डॉटनेटमध्ये असा अपवाद प्रोसेसरच्या अपवादात गुंडाळून बाहेर येतो, त्यामुळे लॉगमध्ये आतला मूळ अपवादही नोंदवावा. बाहेरच्या संदेशात ‘फंक्शन बोलावताना चूक झाली’ यापलीकडे फारसे काही नसते.

व्हेरिएबलच्या पोटातील तुकडा

व्हेरिएबलला सिलेक्टने किंमत दिली, तर त्यात नोडसंच राहतो आणि तो वरच्यासारखाच फंक्शनला देता येतो. व्हेरिएबलच्या पोटात टेम्प्लेटने एलिमेंट तयार केले, तर १.० मध्ये तो निष्पन्न तुकडा होतो आणि त्यावर पाथ चालवता येत नाही. आम्हाला भावानुसार लावलेले माल फंक्शनला द्यायचे होते, तेव्हा हा प्रश्न आला. फॉर-ईचमध्ये सॉर्ट लावल्याने मूळ नोडसंचाचा क्रम बदलत नाही, फक्त त्या फेरीचा क्रम बदलतो. त्यामुळे क्रम लावलेल्या प्रती व्हेरिएबलमध्ये साठवणे भाग होते.

अशा तुकड्याला आधी ‘नोड-सेट’ या एक्स्टेंशन फंक्शनमधून काढावे. डॉटनेटमध्ये मायक्रोसॉफ्टचे आणि ईएक्सएसएलटी या सामाईक एक्स्टेंशन-संचातले, अशी दोन्ही चालतात. हाती येतो तो तुकड्याचा मूळ नोड, म्हणून त्याच्यापुढे ‘/माल’ असा पाथ लावूनच फंक्शनला द्यावे. ही एक पायरी विसरली, तर फंक्शनला तीन मालांऐवजी एक मूळ नोड मिळतो, ज्याला कोणतेही ॲट्रिब्यूट नाही. दुसरा फरक अधिक आडवळणाचा आहे. मूळ दस्तऐवजातील नोड देताना तुम्ही संपूर्ण झाडाची चावी देत असता, कारण फंक्शन त्या नोडवरून वर चढून पट्टीचा क्रमांकही वाचू शकते. प्रतीला ते पालक नसतात. जे फंक्शन गुपचूप वर चढून क्रमांक घेत होते, ते तुकड्यातील नोड मिळताच आंधळे होते. म्हणून फंक्शनने दिलेल्या नोडच्या खालीच पाहावे आणि वरचे काही हवे असल्यास ते वेगळे आर्ग्युमेंट म्हणून मागावे, असा नियम आम्ही केला.

फंक्शनकडून नोड परत घेताना

फंक्शन नोडही परत देऊ शकते. नवा दस्तऐवज तयार करून त्यातून निवडलेल्या नोडांचा इटरेटर परत करावा आणि स्टाइलशीटने त्यावर फॉर-ईच चालवावे किंवा कॉपी-ऑफने तो उतरवावा. व्हॅल्यू-ऑफ वापरल्यास फक्त पहिल्या नोडचा मजकूर उतरतो, हा तोच जुना नियम. परत देण्यासारखे काही नसेल, तर नल देऊ नये, डॉटनेट ते नाकारते; रिकामा इटरेटर किंवा रिकामी स्ट्रिंग द्यावी.

परत आलेल्या नोडांवर फॉर-ईच सुरू झाले की संदर्भ दुसऱ्या दस्तऐवजात गेलेला असतो. तिरप्या रेघेने सुरू होणारा पाथ आता त्या नव्या दस्तऐवजाच्या मुळापासून निघतो आणि ‘की’ फंक्शनही संदर्भ नोडच्याच दस्तऐवजात शोधते, म्हणजे पट्टीतील काहीच सापडत नाही. फॉर-ईचच्या आधी मूळ दस्तऐवजाचे मूळ एका व्हेरिएबलमध्ये ठेवून दिले की हा प्रश्न मिटतो.

सॅक्सन आणि इतर

जावाच्या जगात अनेक जण सॅक्सन हा प्रोसेसर वापरतात. जावाची कोणतीही मेथड नेमस्पेसवरून थेट बोलावण्याची सोय त्याच्या फक्त सशुल्क आवृत्त्यांत आहे, मोफत एचई आवृत्तीत नाही. एचईमध्ये ‘एक्स्टेंशनफंक्शन’ हा इंटरफेस लिहून काढावा आणि तो प्रोसेसरकडे नोंदवावा. त्यात फंक्शनचे नाव, आर्ग्युमेंटचे प्रकार, निकालाचा प्रकार आणि प्रत्यक्ष काम अशा चार मेथड असतात. आर्ग्युमेंटचा प्रकार सांगताना ‘एलिमेंट नोड, शून्य किंवा अधिक’ असे नेमके सांगावे. ‘काहीही चालेल’ असे सांगितले, तर काम होते, पण तपासणीचा पहारा उठतो. नेमका प्रकार सांगितला असेल आणि एका स्ट्रिंगच्या जागी तीन नोड दिले, तर २.० च्या नियमाप्रमाणे प्रकाराची चूक दाखवली जाते. माझी पहिली चूक तेथे छापखान्यापर्यंत पोहोचलीच नसती. हातात येणाऱ्या प्रत्येक नोडला ॲट्रिब्यूटचे मूल्य थेट विचारता येते. जुना डॉम, म्हणजे दस्तऐवजाचे झाड हाताळण्याची प्रमाण पद्धत, वापरणारा कोड आहे म्हणून सॅक्सनच्या नोडांवर डॉमचे आवरण चढवण्याचा मोह होतो. ते आवरण फक्त वाचण्यापुरते असते आणि वेगही कमी करते.

जावामध्ये सुरक्षित प्रक्रियेची सोय चालू केली असेल, तर एक्स्टेंशन फंक्शने बंद होतात. परक्याने दिलेली स्टाइलशीट चालवायची असेल, तर ती तशीच बंद ठेवावीत.

पायथनच्या एलएक्सएमएल या लायब्ररीमध्ये फंक्शनचे पहिले आर्ग्युमेंट संदर्भाचे असते आणि नोडसंच एलिमेंटची साधी यादी म्हणून येतो. ॲट्रिब्यूटचा पाथ दिला, तर यादीत स्ट्रिंग येतात, पण त्यांना आपला पालक एलिमेंट विचारता येतो, ही मोठी सोय आहे. पीएचपीमध्ये फंक्शन बोलावण्याची दोन रूपे आहेत: एक नोडसंच डॉम नोडांच्या ॲरेच्या रूपात देते आणि दुसरे आधीच स्ट्रिंग करून देते. कोणती फंक्शने स्टाइलशीटला खुली करायची, त्यांची यादी नोंदणी करतानाच द्यावी. सगळी भाषा खुली करू नये.

देवनागरी आकडे आणि तपासणी

एक्सपाथ १.० मध्ये अंक म्हणजे शून्य ते नऊ हे इंग्रजी अंकच. कोणी भावाच्या जागी ‘१८५०’ असे टंकले, तर एक्सपाथला त्याची संख्या करता येत नाही. डॉटनेटचा डेसिमलही तो मजकूर नाकारतो. पायथन मात्र तोच मजकूर आनंदाने १८५० म्हणून वाचतो. म्हणजे एकच नोंद एका भाषेतील फंक्शनमध्ये चालते आणि दुसरीत पडते. आमच्या फंक्शनला नोडमधून मूळ मजकूर मिळत असल्यामुळे देवनागरी अंक इंग्रजीत बदलण्याची एक छोटी मेथड तेथेच घालता आली. संख्या पाठवत राहिलो असतो, तर तो मजकूर सीमेवरच नष्ट झाला असता.

फंक्शनमध्ये मोजणी ठेवू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. पट्टीचा अनुक्रमांक देणारे एक फंक्शन आम्ही लिहिले होते, जे प्रत्येक वेळी आतील आकडा एकाने वाढवत असे. प्रोसेसर एखादे फंक्शन कधी, किती वेळा आणि कोणत्या क्रमाने बोलावेल, याची हमी भाषा देत नाही. व्हेरिएबल वापरलेच गेले नाही, तर बोलावणारही नाही. अनुक्रमांक नोंदीतच आणणे हाच खरा मार्ग ठरला.

तपासणीसाठी फंक्शन स्टाइलशीटविना थेट बोलवावे. छोटा दस्तऐवज मेमरीत वाचून, त्यावर तोच एक्सपाथ चालवून, मिळालेला इटरेटर मेथडला दिला की झाले. आम्ही अशा सहा फाइली ठेवल्या होत्या: एका मालाची, तीन मालांची, माल नसलेली, भाव राहून गेलेली, डीफॉल्ट नेमस्पेस असलेली आणि दिवाणजींनी स्वतः टंकलेली, जिच्यात वजन इंग्रजी आकड्यांत आहे, भाव मराठी आकड्यांत आहे आणि लसणाच्या गोण्यांपुढे एक मोकळी जागा सुटली आहे.